वाकणातलं मीठ

आमच्या घरात पाणी दोन जातींचं होतं. खारं आणि गोडं. खारं चहूबाजूंनी पसरलेलं, त्याच्यावर आमचं पोट. गोडं होडीनं यायचं. जासईच्या खालच्या अंगाला खाजणात मिठाचं आगर होतं. आगर मालकाचं, राबणारे आम्ही. दिवाळी उलटली की बापूस, आयस आणि आम्ही भावंडं बांधावरच्या गवती खोपटात राहायला जायचो ते थेट ज्येष्ठ लागेपर्यंत. पिण्याच्या पाण्याची पिंपं भरतीच्या वेळी होडीतून यायची. होडीवाल्याची भरती चुकली तर पिंपाच्या तळाशी असेल तेवढ्यात भागवायचं. आयस तांदूळ खाऱ्या पाण्यात धुवायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा.

एकदा धाकट्या भावाला ताप भरला आणि नेमकी होडी आली नाही. बापूस ओहोटीच्या चिखलातून, मांडीपर्यंत रुतत, पलीकडच्या गावच्या विहिरीवर गेला आणि डोक्यावर हंडा घेऊन परत आला. कालवांच्या कपच्यांनी त्याचे पाय फाटले होते. भाऊ वाचला, पण त्या तापानं त्याचं ऐकू येणं गेलं ते कायमचं. आयस पुढं कितीतरी वर्षं त्याच्याशी मोठ्यानंच बोलायची, जणू तो नुसता लांब उभा आहे.

मी शिकलो तो धर्मामामामुळे. धर्मामामा आयसचा भाऊ. लढाईच्या काळात तो मुंबईच्या गोदीत बोटींच्या नळ्या वाकवायचं काम शिकला. पनवेलच्या शाळेत मला त्यानं घातलं, कॉलेजचा भारही त्यानंच उचलला. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या गावात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं. हे मी अभिमानानं लिहितो आहे. या वयात नम्रपणाचा आव आणणं मला जमणार नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी गणूशेठ पांचाळांच्या कारखान्यात लागलो. पनवेल तेव्हा बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं आणि शेठच्या वाडवडिलांचा धंदा तोच. शेठनी चाकांवरून मोटारींवर आणि मोटारींवरून लढाईत उरलेल्या विमानांच्या इंजिनांवर उडी मारली. हवाई दलाच्या जुन्या इंजिनांची दुरुस्ती करायची, ती घोडीवर बांधून चालवून दाखवायची आणि परत पाठवायची, असं काम त्यांनी मिळवलं होतं. घोडी म्हणजे इंजिन बांधायचा लोखंडी सांगाडा. आज कळंबोलीला लोखंडाचा बाजार आणि ट्रकांच्या रांगा आहेत. तेव्हा त्या अंगाला नुसती भातखाचरं होती. आमची शेड त्या खाचरांच्या कडेला होती, कारण इंजिन सुरू झालं की आवाजानं म्हशी दूध चोरत.

कामगार मला 'बीएस्सी' म्हणायचे. ते नाव होतं, पदवी होती आणि शिवीही होती. प्रसंग पाहून अर्थ बदलायचा.

आता ते काम काय होतं ते सांगतो. ही इंजिनं पाण्यानं थंड होणारी होती. पाणी म्हणजे पाण्यात ग्लायकॉल नावाचं दाटसर औषध मिसळलेलं. पंप ते इंजिनाच्या अंगातून फिरवतो, तिथली उष्णता उचलून ते रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्यावर निवतं आणि नळीतून परत पंपाकडे येतं. हा फेरा थांबला की खेळ खलास. इंजिनाची डोकी हलक्या धातूची, ती बघता बघता तडकतात.

फेरा चालू ठेवतो तो पंपाचा दाब. पण पंपानं दिलेला सगळा दाब शेवटपर्यंत पोचत नाही. सरळ नळी थोडा खाते, वाकण जास्त खातं, रेडिएटरची बारीक भोकं आणखी खातात, आणि अरुंद झालेलं वाकण अधाशासारखं खातं. त्याच वाटेनं दुप्पट पाणी न्यायला गेलात तर दाब दुप्पट नाही, चौपट जातो. याला पुस्तकात प्रेशर लॉस म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "या इंजिनात प्रेशर लॉस आहे." तासाभरानं येऊन बघतो तर चार माणसं साबणाचं पाणी घेऊन एकेक सांधा पुसत बसलेली, बुडबुडा कुठं येतो ते शोधत. लॉस म्हणजे गळती, असं त्यांनी धरलेलं. मी म्हणालो, "गळत नाही रे, वाटेत खाल्ला जातोय." तेव्हापासून शेडमध्ये 'दाब खातंय' हाच शब्द रूढ झाला. मला तो पुस्तकातल्यापेक्षा बरा वाटतो.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पंपाच्या पुढं दाब खाल्ला गेला तर पंप जोर लावून थोडंफार भागवतो. पण पंपाकडे येणाऱ्या नळीतच खाल्ला गेला, तर पंपाच्या हातात काही राहत नाही. गरम पाण्यावरचा दाब उतरला की ते जागच्या जागी उकळतं. पंप मग पाण्याऐवजी वाफ घुसळत बसतो. बाहेरून इंजिन जोरात गरगरतंय आणि आतून कोरडं पडतंय.

शेडमध्ये दाबाचा काटा होता तो पंपाच्या पुढं. मी शेठच्या मागं लागून दुसरा काटा पंपाच्या तोंडाशी, येणाऱ्या नळीवर बसवून घेतला. युसूफमिस्त्री त्याला हसायचे. युसूफमिस्त्री आमचे चाचणीचे मुख्य, पनवेलचेच, लढाईत हवाई दलाच्या कारखान्यात हात काळे करून आलेले. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर रुसलाय ते सांगायचे. ते म्हणायचे, "बीएस्सी, तुझा हा काटा म्हणजे नव्या नवरीचा आरसा आहे रे. काम काही नाही, सारखं बघायचं."

गिऱ्हाइकं फक्त हवाई दलाचीच नव्हती. मोरा बंदरातून एक तांडेल आला होता. लिलावात त्यानं विमानाचं इंजिन घेतलं आणि आपल्या लाँचला बसवलं. रेडिएटर कशाला हवा, भोवती खाडी आहेच की, म्हणून त्यानं खाडीचंच पाणी एका बाजूनं आत घेऊन दुसऱ्या बाजूनं सोडलं. लाँच म्हणे वाऱ्यासारखी पळाली. मग एक दिवस बसली ती बसलीच. इंजिन बैलगाडीत घालून आमच्याकडे आणलं. उघडलं तर आतल्या वाटा पांढऱ्याफटक, मिठानं बुजलेल्या, आणि धातूला बोट घातलं तर बोट जाईल एवढी भोकं. तांडेल डोक्याला हात लावून म्हणाला, "आयला, ह्याच्या पोटात तं आगर पिकलाय!" आम्ही पोट धरून हसलो. धर्मामामाही हसला.

हो, धर्मामामाही तिथंच होता. गोदीतलं काम सुटल्यावर मी शेठपाशी शब्द टाकून त्याला नळ्या वाकवायला लावला होता. नळी नुसती वाकवली तर वाकणात चेपते. म्हणून आत बारीक कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, शेकून वाकवायची आणि वाळू काढून टाकायची. मामाचा हात असा की त्यानं वाकवलेल्या नळीवर सुरकुतीसुद्धा दिसत नसे. एकदा मात्र वाळूचा कण आत राहिला, पंपात गेला आणि पंपाला चरा पडला. युसूफमिस्त्रींनी मामाला सगळ्यांदेखत झापलं. मामा काही बोलला नाही. मामा बोलला नाही की समजायचं, त्याला लागलंय.

पुढं मे महिन्यात देसाई आले. देसाई हवाई दलाचे पायलट, बेळगावकडचे, माझ्याच वयाचे. त्यांच्या विमानाचं इंजिन ठीक होतं, पण पंपाकडे येणारी नळी चिरली होती. नवी नळी न्यायला ते जीप घेऊन स्वतः घाटावरच्या तळावरून खाली उतरले. नळी होईपर्यंत शेडबाहेर बाकावर बसून त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला. मी त्यांना माझा काटा दाखवला. ते म्हणाले, "तुमच्यापाशी काटे तरी आहेत. वर गेल्यावर माझ्यापाशी पाण्याच्या तापमानाचा एक काटा. तो चढायला लागेपर्यंत मला खाली काय शिजतंय ते कळत नाही."

"आणि चढला तर?" मी विचारलं.

"तर खाली सपाट जमीन आहे का ते बघायचं. आमच्याकडे डोंगर फार."

मामानं नळी फडक्यानं पुसून त्यांच्या हातात दिली. जाताना देसाई म्हणाले, "येत्या सोमवारी सकाळी उडवून बघतो."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही दुसरं एक इंजिन घोडीवर चढवलं. त्यालाही मामाचीच नवी नळी. गार होतं तोवर सगळं सुरळीत. युसूफमिस्त्रींनी जोर वाढवला, पाणी तापलं आणि पंपाच्या तोंडाचा काटा थरथरू लागला.

"बीएस्सी, तुझी नवरी नाचतेय बघ!" मिस्त्री इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडले.

"नाचत नाही, मरतेय! बंद करा!"

"अरे भाई, जरा..."

"बंद करा म्हणतो ना!"

त्यांनी बंद केलं. पुढचा काटाही कोसळला होता. पंप वाफ घुसळत होता यात शंका नव्हती. येणाऱ्या वाटेत काहीतरी दाब खात होतं. नळी बाहेरून बघितली, ठोकून बघितली, आतून बघायला गेलो तर दोन वाकणांच्या मधलं डोळ्याला दिसत नाही. शेठ म्हणाले, सोमवारी बघू. रविवारी शेड बंद. ग्लायकॉल तसंच आत राहिलं.

सोमवारी सकाळी इंजिन लावलं आणि काय सांगू, काटा जागचा हलला नाही. पूर्ण जोर दिला, पाणी हवं तेवढं तापवलं, काटा देवासारखा स्थिर. युसूफमिस्त्रींनी टोपी मागं सारली.

"देखा? आपोआप ठीक झालं. इंजिनपण माणूसच आहे, रुसतं, मानतं."

शेठ खूश झाले. "ट्रक दुपारी येतोय. सील करा."

मी म्हणालो, "शेठ, शनिवारी जो दाब जात होता तो आज परत आला. कुणी आणून दिला?"

"आला ना? मग झालं."

"काही अडकलं होतं ते निघालं असेल, तर ते गेलं कुठं? पंपाच्या जाळीत काही नाही. मी बघितलं."

"बीएस्सी," युसूफमिस्त्री म्हणाले, "घरी आलेल्या लक्ष्मीला तू विचारणार, बाई, काल कुठं होतीस?"

सगळे हसले. मी मात्र मनात हिशेब मांडत होतो. अडकलेली वस्तू जाळीत सापडत नाही, नळीत सापडत नाही, याचा एकच अर्थ होतो. ती विरघळली. आणि विमानाच्या नळीत विरघळणारी वस्तू यावी कुठून?

मी खालचा नळ सोडून थोडं ग्लायकॉल वाटीत घेतलं. ग्लायकॉल विषारी असतं, शेडमध्ये तशी पाटीच होती, आणि लबाड असं की चवीला गोड लागतं. कुणी करू नये ते मी केलं. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं, लगेच थुंकलो आणि खळखळून चूळ भरली.

गोड लागलंच. पण गोडाच्या मागून खारट आलं.

दुसऱ्या कुणाला कदाचित नुसता संशय आला असता. मला चव ओळखू आली. आगरातलं मीठ मी जन्मभर खाल्लेलं आहे. त्याच्या मागं एक कडवट झाक असते, ती बाजारच्या मिठाला नसते.

नळ्या वाकवायची शेड मागच्या बाजूला होती. मी गेलो तेव्हा धर्मामामा चुलीवर लोखंडी कढई ठेवून उलथण्यानं काहीतरी परतत होता. पांढरं, जाड, करकरणारं. मामाशी मी घरच्याच बोलीत बोलायचो.

"मामा, ह्या काय?"

"मीठ. दिसत नाय? कालेजात डोले ठेवून आलास काय?"

"नळीत मीठ भरतंस?"

"मंग!" त्यानं उलथणं कढईवर आपटलं. "वालूचा एक कन ऱ्हायला तं तुजा मिस्त्री मना चारचौघांत काय काय बोल्ला. वालू ऱ्हायली का पंप खाते. मीठ ऱ्हायला तं काय करील? पानी लागला का मीठ ऱ्हातं काय? दोन बादल्या पानी मारला का नली साफ. भाजून घेतंय का नाय बग, सुका खडखडीत."

त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. बरेच दिवस मनात ठेवलेली युक्ती भाच्याला दाखवल्याचा आनंद. आणि युक्ती बिनडोक नव्हती, हे मी आजही म्हणेन. आमच्याशिवाय कुणाला ती सुचलीच नसती. फक्त एक गोष्ट मामाच्या ध्यानात आली नव्हती. आगरातलं मीठ कितीही भाजा, हवेतली ओल ते पुन्हा ओढून घेतं. ते ठासून भरलं, वरून नळी शेकली की वाकणाच्या आतल्या कुशीत त्याचा दगड होतो. त्यावरून दोन बादल्या पाणी नुसतं वाहून जातं. दगड विरघळायला त्याला ग्लायकॉलच्या पाण्यात एक अख्खा रविवार भिजत पडावं लागलं. आणि विरघळलेलं मीठ हलक्या धातूचं काय करतं, ते तांडेलाच्या इंजिनात आम्ही दोघांनी मिळून बघितलं होतं.

"कवापासून करतंस?"

"दोन नल्या झायल्या, ही तिसरी."

"देसायांची नळी?"

"ती पयली." मामा हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "काय झायला रं?"

आज सोमवार होता. सकाळ होती.

मी पळत शेठकडे गेलो. काय सांगितलं ते शब्दशः आठवत नाही, एवढं आठवतं की शेठनी आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"खात्री आहे?"

"नाही."

"नाही?"

"खात्री करायची तर ती नळी कापून बघायला हवी. ती आत्ता विमानात आहे."

शेठ खुर्चीवर बसले. "आपण फोन करायचा की आमची नळी खोटी आहे, विमान खाली घ्या. आणि नळीत काही निघालं नाही तर? उद्यापासून आपल्याला कोण काम देईल? या शेडवर किती घरं चालतात ते तुला माहीत आहे. निम्मी तुझ्याच गावची."

"माहीत आहे. पण ते वर चढायला लागले की इंजिनाला पूर्ण जोर लागणार. शनिवारी इथं जे झालं ते तिथं डोंगरावर होईल."

"कुणी भरलं मीठ?"

दार लोटलेलं होतं, पण फटीतून माणसं बघत होती. त्यात मामाही होता.

"धर्मामामानं," मी म्हणालो. त्याचं नाव न घेता काय झालं ते सांगताच येत नव्हतं.

मामा आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, "मीच भरला. शेठ, त्या देसायाला खाली घ्या."

मामाच्या मागं उभ्या युसूफमिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "शेठ, फोन लावा. अल्लाच्या नावानं लावा. नळीत काही निघालं नाही तर मी म्हणेन, हा बीएस्सी वेडा आहे."

शेठ उठले. "चल, मोटारीत बस."

शेडमध्ये फोन नव्हता. पोस्टात जाऊन घाटावरच्या तळाला ट्रंक कॉल लावला. तातडीचा. तरी वाट बघावीच लागली. पोस्टमास्तर हेडफोन लावलेल्या मुलीला सारखे म्हणत होते, "अहो, पुन्हा विचारा, पुन्हा विचारा." शेवटी लागला. पलीकडून कुणीतरी खर्जात म्हणालं, "हां, बोलो."

आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी घाईनं हिंदीत ओरडलो, "पनवेल से बोलता हूँ! पाइप में नमक है! नमक!"

"पनवेल से? नमक?" पलीकडचा माणूस विचारात पडला. "नमक अभी नहीं चाहिए. पिछला बोरा पड़ा है. मेस का नंबर दूसरा है, मेस में बात करो."

"मेस नहीं! विमान! विमान में नमक है!"

"विमान से नमक नहीं आता, भाई. ट्रक से भेजो."

आणि लाइन कटली.

शेठनी भिंतीला डोकं टेकलं. पोस्टातल्या लोकांना वाटलं, मिठाचा सौदा फिसकटला. एक म्हातारा मला समजावायला लागला, "अवो जाऊ द्या, भाव काय आज ना उद्या वर येईल."

पुन्हा लावला. या वेळी मी एक शब्दसुद्धा मिठाचा काढला नाही. इंग्रजीत, एकेक शब्द तोडून म्हणालो, "कूलंट पाइप. ब्लॉक्ड. देसाई. डू नॉट फ्लाय." पलीकडचा आवाज बदलला. पावलं वाजली. दुसरा माणूस आला.

"देसाई इज अप," तो म्हणाला. "ही टुक ऑफ."

"खाली बोलवा! त्याला खाली बोलवा!" मी मराठीत किंचाळलो, आणि मग इंग्रजीत. तो 'वेट' म्हणाला. मी थांबलो. तारेतून नुसती सूंऽऽ ऐकू येत होती. मग तीही गेली.

तिसऱ्यांदा लाइन मिळाली नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "इथं बसून लाइन अडवू नका. तिकडून फोन आलाच तर मी माणूस पाठवतो."

आम्ही शेडवर परत आलो. कुणी काम करत नव्हतं. घोडीवरचं इंजिन गार झालं होतं. धर्मामामा चुलीपाशी उकिडवा बसला होता, कढई विझलेल्या चुलीवर तशीच. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरगा पाव्हना व्हता. च्या प्यायला आपल्याबरोबर."

ट्रक आला. शेठनी त्याला रिकामाच उभा केला. ट्रकबरोबर आलेला हवालदार चिडला. युसूफमिस्त्रींनी त्याला चहा दिला, विडी दिली आणि काहीच सांगितलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा पोस्टातला शिपाई सायकलवरून आला. खाचराच्या बांधावरून येताना तो एकदा पडला, उठला, पुन्हा सायकलवर बसला. आम्ही सगळे उभे. तो धापा टाकत म्हणाला, "मास्तरांनी निरोप दिलाय. घाटावरनं फोन आला. एकच शब्द बोलले. ल्यांडेड."

कुणी हललं नाही.

शिपाई घाबरला. "म्हंजे काय वो? बरं का वाईट?"

"बरं," शेठ म्हणाले, आणि तिथंच, ग्रीस सांडलेल्या जमिनीवर, मांडी घालून बसले.

देसाई चारेक दिवसांनी आले. हातात कापडात गुंडाळलेली आमची नळी, उभी कापून दोन फाकी केलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. वाकणाच्या आतल्या अंगाला पिवळट पांढरा थर होता, काही ठिकाणी खरवडल्यासारखा झिजलेला. निम्मी वाट बुजलेली. ते म्हणाले, नळी बसवून ग्लायकॉल भरलं ते सोमवारी सकाळीच, आणि चढायला लागल्यावर काटा वर जायला लागला. त्यांना वाटलं, मे महिना आहे, थोडं तापणारच, आणखी जरा चढून बघू. तेवढ्यात खालून परतायचा हुकूम आला. उतरेपर्यंत नळकांड्यातून वाफ निघत होती.

"आणखी जरा चढलो असतो," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

धर्मामामा दाराशी उभा होता. देसाईंनी त्याला ओळखलं. मामानं हात जोडले.

"मामा," देसाई म्हणाले, "ज्याचं मीठ खावं त्याच्याशी बेइमानी करू नये म्हणतात. तुमचं मीठ माझ्या इंजिनानं खाल्लं. तेव्हा मला तुमच्यावर रागावता येत नाही."

सगळे हसले. मामा हसला नाही. तो म्हणाला, "सायेब, मीठ चांगला व्हता. जागा चुकली."

काम काही महिने बंद झालं. तपासणीला माणसं आली, शेड उलटीपालटी झाली. गणूशेठनी एकदाही मामाचं नाव पुढं केलं नाही. प्रत्येकाला सांगितलं, पद्धत कारखान्याची, चूक कारखान्याची. मामाला कामावरून कुणी काढलं नाही, पण त्यानं स्वतःहून नळीला हात लावणं सोडलं. फाटकावर बसायचा. मामी माझ्याशी कायमची बोलायची थांबली. ज्या मामानं शिकवलं त्याचंच नाव मी चारचौघांत घेतलं, हे तिला कधी पटलं नाही. लग्नाकार्यात ती मला वाढायची, पण मुकाट्यानं. तिला समजवायला मी एकदा गेलो होतो. ती म्हणाली, "तू शिकलास ना? मंग तूच समजून घे."

काम परत मिळालं ते तीन अटींवर, आणि तिन्ही मीच लिहून दिल्या होत्या. नळीत वाळू नाही, मीठ नाही. राळ वितळवून भरायची आणि वाकवून झाल्यावर तापवून पूर्ण ओतून काढायची. प्रत्येक वाकणातून पोलादी गोळी सोडून दाखवायची. गोळी पलीकडे पडल्याचा आवाज दोन माणसांनी ऐकायचा. आणि पंपाच्या तोंडाशी काटा असल्याशिवाय घोडीवर इंजिन चढवायचं नाही. राळ आल्यावर धर्मामामा फाटकावरून उठला. म्हणाला, "ही चीज मना गोदीपासून ठावकी हाय." पुन्हा नळ्या वाकवायला लागला, आणि गोळी सोडायचा मान मात्र कुणाला द्यायचा नाही.

पुढं जेटची विमानं आली, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांचे दिवस सरले आणि आमची शेड बंद झाली. देसाई त्यानंतर बरीच वर्षं उडत राहिले. आणि त्या सोमवारनंतर पनवेलच्या शेडमधून गेलेलं एकही इंजिन पाणी तापलं म्हणून परत आलं नाही.